वाढत्या अंगाची सायकल

सायकलीच्या दुकानात आत्याचं काम पान्ह्याचं, पण गिऱ्हाइकं घाबरायची ती तिच्या मापाला. कुणी सायकल घ्यायला आलं, की ती आधी त्याचे बूट काढायला लावायची, भिंतीला पाठ लावून उभं करायची, दोन पायांच्या मध्ये एक जाडजूड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायला सांगायची आणि पुस्तकाच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत जेवढं भरेल, त्या मापाची सायकल. रंग मागाहून. गिअर किती, ते त्याच्याही मागाहून.

"पण आम्हाला ती निळी आवडलीय," गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"निळा आवडला असेल तर भिंतीला लावा. सायकल अंगाला लागते."

काउंटरमागे मालक डोळे मिटून घ्यायचा. अठरा वर्षांत तिनं किती गिऱ्हाइकं हाकलली, ते मोजणं त्यानं कधीच सोडलं होतं. पण तिनं मापून दिलेली सायकल कधी रडत परत आली नव्हती, आणि गावामागच्या टेकडीवर दगडधोंड्यांतून सायकली हाणणारे सगळे तिच्याकडेच यायचे. म्हणून तो गप्प. "आत्या" हे नाव भाचीच्या तोंडातून दुकानात आलं आणि दुकानातून रस्त्यावर गेलं. खरं नाव मतदारयादीत होतं, तेवढंच.

गुरुवारी दुपारी तिचा थोरला भाऊ दुकानात शिरला. फरशीचा व्यापारी, आवाजही गोदामात बोलल्यासारखा. एका हातानं सायकल ढकलत होता. मागोमाग त्याची मुलगी. वय पंधरा, अंग काडीसारखं, म्हणून घरात तिला काडीच म्हणत. डोक्यावरचं हेल्मेट भुवयांवर उतरलेलं.

"बघ!" दादा म्हणाला.

सायकल देखणी होती, यात वाद नव्हता. पुढेमागे दोन्हीकडे शॉकअप, मनगटाएवढे टायर, काळी कुळकुळीत फ्रेम. दादानं ती एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घेतली होती. तो माणूस दारातून आत येताना मान वाकवायचा, इतका उंच.

"ब्रेक जरा किरकिरतात, तेवढं बघ. रविवारी टेकडीवर सायकलसंघाची निवड आहे आणि ही बया उतार आला की सायकलवरून खाली उतरते. चढावर सगळ्यांच्या पुढे, आणि उतारावर सायकल हातात धरून चालत. कोच मला म्हणतो, हिला धाडस नाही. माझ्या मुलीला!"

काडी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

आत्यानं हातातलं चाक खाली ठेवलं. "फ्रेम कितीची आहे?"

"मोठी आहे. मुद्दाम मोठी घेतली. वाढतं अंग आहे तिचं, दोन वर्षांत बरोबर बसेल."

"आणि ही दोन वर्षं?"

"ही दोन वर्षं काय? सवय होते."

आत्याची कानशिलं तापली. दादा कंजूष नव्हता, तसा असता तर तिला इतका राग आला नसता. त्याला मोठ्याचीच भूल होती. बारा फुटांच्या खोलीत त्यानं असा टीव्ही लावला होता की बघताना मान फिरवावी लागे. मुलीचे बूट दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. शाळेचा स्कर्ट खाली हातभर दुमडून शिवलेला. दर वर्षी वहिनी ती दुमड उसवायची, आणि स्कर्ट मापाला यायचा तोवर विटलेला असायचा. त्या घरात पोरीला आजच्या मापाचं काही कधी मिळालंच नव्हतं.

"हेल्मेट डोळ्यावर येतंय तिच्या," आत्या म्हणाली.

"आत कापूस घाल थोडा."

"डोक्यात घालू का कापूस? तुझ्या?"

मालकानं डोळे मिटले.

आत्यानं काडीला सायकलच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायला सांगितलं. काडी चवड्यांवर उभी राहिली, तरी दांडा टोचतच होता. मग सायकल भिंतीला टेकवून तिला वर बसवलं. हात हँडलपर्यंत पोचले, पण कोपरं सरळ, ताठ, शिडीच्या दांड्यासारखी.

"ब्रेक धर."

काडीनं बोटं लांबवली. ब्रेकच्या मुठीला तिच्या बोटांची फक्त टोकं लागली, नखं म्हणा ना.

"दाब."

"दाबायचं म्हटलं की हँडल सुटतं, आत्या. मग चाक वळतं. म्हणून मी आधीच उतरते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?" आत्या एवढ्या जोरात ओरडली की काडी दचकली. चूक माहीत असून ओरडली. राग पोरीवर नव्हताच, पण समोर पोरगी होती.

"मला वाटलं, सगळ्यांचंच असं असतं," काडी म्हणाली. "बाकीचे घाबरत नाहीत. मी घाबरते."

हे वाक्य आत्याच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ते तिच्याच घरात राहत होतं.

सतरा वर्षांची असताना याच टेकडीवर, अशाच एका निवडीत ती उतरली होती. सायकल दादाची. त्याला छोटी झाली नव्हती, पण त्याचा जीव मोटारसायकलवर जडला म्हणून तिच्या वाट्याला आली. तिसऱ्या वळणावर तिनं ब्रेक दाबायला बोटं ताणली, पकड सैल झाली, आणि ती सायकलसकट खालच्या दगडांवर गेली. गळपट्टीचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. खाटेशी उभा राहून दादा म्हणाला होता, "तू घाबरलीस, म्हणून पडलीस." आईवडिलांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली. पुढं लग्न ठरलं, झालं, चार वर्षांत मोडलं, ती माहेरी मागच्या खोलीत परत आली, आणि या सगळ्यात आपण मुळातच भित्र्या आहोत, हे ती हिशेबात धरूनच चालली.

दुकानात लागली ती झाडलोट करायला. म्हातारा मिस्त्री हातात पान्हा द्यायला तयार नव्हता, मग एकदा त्याचा गुडघा दुखायला लागला आणि तयार झाला. शिकून तीन वर्षं झाल्यावर एक दिवस दादानं माळा साफ केला आणि ती जुनी सायकल भंगारात देण्याआधी "काही सुटे भाग निघतात का बघ" म्हणून दुकानात आणून टाकली. ब्रेकची मूठ खोलायला घेतली, तेव्हा तिला तो स्क्रू दिसला. मुठीच्या बुडाशी, हरभऱ्याएवढा. तो आत फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. आखूड बोटांच्या माणसासाठीच केलेला असतो. स्क्रूच्या डोक्यावर कारखान्यातला रंग तसाच होता. कुणीही, कधीही, एकदाही तो फिरवला नव्हता.

अडीच फेरे लागले तिला. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मूठ अलगद तिच्या बोटाखाली आली.

त्या दिवशी ती रडली नाही. ती चिडली, आणि तेव्हापासून चिडलेलीच होती.

"हात दाखव," आता तिनं काडीला म्हटलं. तळवा रुंद, बोटं आखूड. बापाचा हात, आत्याचा हात. सगळ्या घराण्याचा.

"ब्रेकचं तर मी आत्ता करून देते," ती दादाला म्हणाली. "पण फ्रेमला स्क्रू नसतो. ही सायकल हिची नाही. तुझी आहे."

"तू ब्रेकची किरकिर काढ. बाकी अक्कल शिकवू नकोस."

संध्याकाळी जेवताना पुन्हा तेच निघालं. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "अहो, ताईंना त्यातलं कळतं, ऐका ना जरा."

"काय कळतं? घाबरून पडली त्याला तीस वर्षं झाली, अजून सायकलला दोष देते. नाचता येईना अंगण वाकडं!" दादानं बोट रोखलं. "हे बघ काडे, शनिवारी माझ्यासमोर टेकडी उतरायची. नाही उतरलीस, तर रविवारी जायचं नाही, सायकल विकून टाकणार, विषय बंद."

काडीचा घास हातातच राहिला. आत्या ताटावरून उठली. तिला बोलायचं खूप होतं, पण बोलली असती तर ताट फेकलं असतं.

शुक्रवारी तिनं दुकानाच्या मागच्या हुकवर वर्षभर लटकलेली एक छोटी फ्रेम उतरवली. मालक म्हणाला, "ती जुन्या पद्धतीची आहे. मागे शॉकअपही नाही." आत्या म्हणाली, "मग कंबर आणि गुडघे कशाला दिलेत देवानं?" मालकानं आधी डोळे मिटले, मग उघडले आणि एक चांगला पकडीचा टायर फळीवरून काढून तिच्यापुढे ठेवला. पुढे जरा रुंद टायर, मागे जरा कमी. हवा बोटानं दाबून पाहिली, दगडासारखी टणक नको, रस्त्यावर भरतात त्याहून कमी. हँडल छोटं. दोन्ही ब्रेकच्या मुठी आत. हेल्मेट नवं, मापाचं, पट्टा न लावता मान हलवली तरी न हलणारं.

शाळा सुटल्यावर दुकानामागच्या गल्लीत शिकवणी झाली. गल्लीच्या टोकाला पाच पायऱ्या होत्या.

"आधी सीट खाली घे. उतारावर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. पेडल दोन्ही समान पातळीवर, एक खाली लोंबलं की दगडाला अडकणार. टाचा खाली दाब. कोपरं बाहेर. ब्रेकवर एकच बोट, बाकीची तीन हँडलवर."

"एकाच बोटानं लागतो?"

"मापाचा असेल तर लागतो. आता कंबर मागे घे."

काडीनं घेतली. कोपरं सुटी होती, म्हणून मागे जायला जागा होती. हात आधीच ताणलेले असले, की मागे जाणार कुठून?

"आणि खाली दगडाकडे बघू नकोस. नजर जाते तिथं चाक जातं. वाटेकडे बघ, दगड आपोआप मागे पडतो."

पहिल्यांदा काडी पायरीवर थांबली. दुसऱ्यांदाही. "आत्या, भीती वाटते."

"वाटू दे. भीती वाटली की ब्रेक दाब. ब्रेक लागला की भीती कमी होते. त्यासाठीच असतो तो."

तिसऱ्यांदा ती खडखडत पाच पायऱ्या उतरली, खाली चाक थांबवलं, एका बोटानं. ते बोट तिनं वर करून पाहिलं, जणू नवीनच फुटलंय.

शनिवारी सकाळी दादा वहिनीसोबत टेकडीवर मोठी सायकल आणि जुनं हेल्मेट घेऊन आला आणि छोटी बघून उखडला. "हे काय भंगार उचलून आणलंस?"

"तू म्हणालास टेकडी उतरायची. कशावरून, ते नाही म्हणालास."

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

काडी वर गेली आणि उतरायला लागली. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणावर आत्यानं हातातली एलन-की, स्क्रू फिरवायची वाकडी किल्ली, इतकी घट्ट धरली की तळव्यात खूण उमटली. काडीची कंबर मागे गेली, कोपरं उघडली, चाक जरासं घसरलं, सावरलं. आणि ती वळणातून बाहेर पडली, धुळीनं माखलेली, दात दाखवत. सगळे दात जागेवर होते.

दादानं टाळी वाजवली. "शाब्बास! बघितलंस? मी म्हणत होतो ना, धमकावल्याशिवाय भीती जात नाही. मोडली की नाही? आता ते डबडं ठेव बाजूला. उद्या मोठीवर बसायचं."

काडीचं हसू गेलं.

आत्या पुढे झाली. तिनं मोठी सायकल जमिनीवर आडवी केली, खाली बसली, आणि एलन-कीनं दोन्ही मुठींचे स्क्रू उलटे फिरवले, शेवटपर्यंत, मुठी हँडलपासून पार लांब जाईपर्यंत. मग सायकल उभी करून दादापुढे धरली.

"आधी तू बस."

"मी?"

"वाढतं अंग आहे तुझं. पोट बघ. टेकडी नको, हा पायथ्याचा छोटा उतार, खाली गवत आहे. हेल्मेट घाल. तुझ्या मुलीचं मोठं हेल्मेट तुला बरोबर बसेल."

वर आणखी सात-आठ सायकलवाले थांबले होते, बघत होते. दादाला नाही म्हणता येईना. तो बसला, सायकल सुटली. दहा पावलांवर त्यानं ब्रेक दाबायला बोटं लांबवली. हँडल हललं. त्यानं पुन्हा घट्ट पकडलं, तर ब्रेक सुटला. मग त्यानं दोन्ही पाय खाली सोडले आणि बूट घासत, "अरे अरे अरे" करत गवतात जाऊन आडवा झाला. लागलं काही नाही. टोपी पडावी तसं हेल्मेट नाकावर आलं.

"ब्रेक लागत नाहीत!" तो खालून ओरडला.

आत्या उतार उतरून त्याच्यापाशी गेली. आवाज चढवला नाही.

"लागतात. तू घाबरलास, म्हणून पडलास."

दादा उठून बसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग ब्रेकच्या मुठीकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. जाड आणि आखूड. तो काही म्हणेल म्हणून ती थांबली. तीस वर्षं थांबली होती, आणखी थोडा वेळ थांबली.

तिनं एलन-की त्याच्या मांडीवर टाकली. "बुडाशी स्क्रू आहे. आत फिरव. जमेल तुला."

वर जाता जाता तिनं मागे पाहिलं नाही. काडीनं मात्र पाहिलं. म्हणाली, "आत्या, बाबा स्क्रू शोधतायत."

"शोधू दे. तू सीट खाली घे, पुन्हा उतर. दुसऱ्या वळणावर पेडल लोंबलं होतं तुझं."

"आणि उद्या?"

"उद्या काय?"

"उद्या कुठली घेऊ?"

खालून दादाचा आवाज आला, गोदामातला नाही, साधा. "छोटी घे."

आत्याचा राग तरीही गेला नाही. काडीच्या हेल्मेटचा पट्टा तिनं गरजेपेक्षा जोरात ओढून पाहिला.