खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

आखातातल्या रुवैसमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागे पत्र्याची एक शेड होती. त्या उन्हात घराबाहेर तेवढीच काय ती सावली, आणि ती सगळी एका गाडीने बळकावली होती. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी. तिचा मालक नोकरी संपवून अमेरिकेला परत जाताना ती बाबांच्या कंपनीच्या आवारात सोडून गेला होता. कित्येक वर्षं वाळू खात पडलेलं ते धूड बाबांनी मागून घरी आणलं. ते ट्रकवरून उतरलं तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "भाकरतुकडा ओवाळू का हिच्यावरून?"

"ओवाळ की," बाबा म्हणाले. "पण लांबून. दार गळून पडेल."

बाबा फिटर होते. एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे. खोललेला पंप ते गप्पा मारता मारता, खाली न बघता जुळवायचे, असं त्यांचे लोक सांगत. स्वभावाने अतिशय थट्टेखोर. घरात गंभीर चेहऱ्याने काहीतरी अचाट बोलायचे आणि आम्ही फसलो की खूश व्हायचे. शुक्रवार मात्र सबंध गाडीचा. त्यांचा फोरमन केरळचा होता, बाबांपेक्षा वयाने लहान. तो दर शुक्रवारी यायचा, उपड्या क्रेटवर बसून आईच्या हातचा चहा प्यायचा आणि बाबांना उस्ताद म्हणायचा. मी त्या वेळी शाळेत होते आणि घरात सगळ्याला इंग्रजीतून उत्तरं देण्याच्या वयाची होते. "इट्स जंक, बाबा," मी म्हणायचे. बाबा म्हणायचे, "हबीबी, पळायला लागली की तूच पुढे बसशील."

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी गाडी पूर्ण खोलली. इंजिन चेनला टांगून बाहेर काढलं आणि त्याचे तुकडे तुकडे केले. बोल्ट, नट, वायसर दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत गेले. मोठ्या प्रत्येक भागावर बाबांनी पांढऱ्या रंगाने खूण केली, कोणता कुठला, कोणाच्या शेजारी कोण. खुणा करणारे बाबा मी आधी कधी पाहिले नव्हते. विचारलं तर म्हणाले, "परदेशी पाहुणी आहे. हिची भाषा वेगळी."

त्यानंतर उन्हाळा आला आणि काम थांबलं. त्या उन्हात पत्र्याखाली उभं राहणं माणसाचं काम नव्हे. ठरलं असं की दसरा झाला की येणाऱ्या शुक्रवारी इंजिन जुळवायला घ्यायचं. फोरमन येणार होता, आणखी वर्कशॉपमधले दोघेतिघे येणार होते. उस्तादांचा हात बघायला, असं तो म्हणाला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे बाबांच्या हत्यारांची पूजा असायची. पाने, पक्कड, हातोडी घासूनपुसून देवापुढे मांडायची, हळदीकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. रुवैसमध्ये झेंडू मिळत नसे, म्हणून आई कापडी फुलं वाहायची. त्या वर्षी मी शाळेतून आले तर हॉलमध्ये जुनी चादर पसरलेली आणि तिच्यावर ते सगळं इंजिन मांडलेलं. पिस्टन, दांडे, झाकणं, कार्बोरेटर. लखलखीत. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट, प्रत्येकापुढे अक्षता. डबेही रिकामे करून तिने सगळे बोल्ट एका परातीत ओतले होते. घरभर थिनरचा वास आणि आईची बोटं पांढरी पडलेली. पांढरी खूण एकावरही उरली नव्हती.

बाबा ड्यूटीवरून आले, बूट न काढता चादरीजवळ उभे राहिले. आणि मग ते जे ओरडले ते शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू गेलं असणार. बाबांनी आवाज चढवल्याचं मला आठवत नव्हतं. "तुला कोणी सांगितलं होतं? अक्कल गहाण टाकली होतीस का? आता हे कसं लावू मी, कसं लावू?"

"पूजेला तेलकट कसं ठेवायचं?" आई म्हणाली.

शुक्रवारी मंडळी आली. फोरमनने परात पाहिली आणि हसून हसून क्रेटवरून पडायचा बाकी राहिला. "भाभीने इंजिन को नहला दिया, उस्ताद. खलास. अब तो ऊपरवाला ही फिट करेगा." सगळे हसले. शेवटी बाबाही हसले. ती गोष्ट वर्कशॉपभर झाली, आणि नंतर कोणीही घरी आलं की शेडकडे बोट दाखवून बाबा ती रंगवून सांगायचे. मध्येच खरोखर चिडायचे आणि आईला ऐकवायचे. अधूनमधून एखाद्या शुक्रवारी दोन तुकडे हातात घेऊन जुळवून बघायचे, जुळले नाहीत की आत येऊन पुन्हा तिच्यावर खापर फोडायचे. आई पोळ्या लाटत ऐकून घ्यायची. मलाही तिचा संताप यायचा. कॉलेज शिकलेली बाई, साबण नाही, पाणी नाही, थेट थिनर घेऊन बसते, म्हणजे काय म्हणावं? समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत ते चकचकीत लोखंड महिन्याभरात तांबूस झालं, मग त्याला खपल्या धरल्या.

तेव्हाच बाबांचं बाकीचंही काही काही सुटत चाललं होतं, पण ते आम्हाला, म्हणजे मला, नीटसं दिसलं नाही. एका शुक्रवारी ते डबा घेऊन, हेल्मेट काखेत धरून, कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी. आई जाऊन त्यांना घेऊन आली आणि शेजारणीला म्हणाली, "यांची थट्टा, दुसरं काय." सुपरमार्केटच्या रांगेत ते पैसे हातात धरून नुसते उभे राहायचे. आई पुढे होऊन द्यायची.

मी शाळा संपवून पुण्याला कॉलेजात गेले. एका सुट्टीत परत आले तेव्हा खुर्चीत फोरमन बसला होता आणि त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. वर्कशॉपमध्ये एका पंपाची प्रेशर टेस्ट चालू होती. बाबांनी जो व्हॉल्व्ह बंद करायचा तो उघडला, आणि गरम पाणी त्याच्या हातावर आलं. तो बाबांवर रागावला नव्हता. आईला म्हणाला, "भाभी, उस्ताद को अब घर ले जाओ. किसी दिन आदमी मरेगा." बाबा समोरच बसले होते आणि त्याच्या बँडेजकडे बघत होते. "क्या हुआ हाथ को?" त्यांनी विचारलं. फोरमन उठून शेडकडे गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

अबू धाबीच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. एवढ्या कमी वयात सहसा होत नाही, असंही सांगितलं. नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा, व्हिसाबरोबर घर. तिकडे सगळं असं एका सुतळीत बांधलेलं असतं.

सामान बांधताना मी आईला म्हणाले, "गाडी तरी पूर्ण झाली असती तर चार दिवस चालवली असती त्यांनी. तू ते धुतलं नसतंस तर."

आई खोक्याला चिकटपट्टी लावत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "त्या उन्हाळ्यात ते एकदा कार्बोरेटर घेऊन स्वयंपाकघरात आले. ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, हे तुझ्या मिक्सरचं आहे का गं? मी हसले. मला वाटलं, थट्टा. वर बघितलं तर ते हसत नव्हते. उत्तराची वाट बघत होते."

मी हातातली भांडी खाली ठेवली.

"त्या शुक्रवारी चारचौघांत त्यांना ते लावता आलं नसतं. खुणा असून आलं नसतं. सगळ्यांनी बघितलं असतं. म्हटलं, बायकोने घाण केली म्हणून राहिलं, असं तरी होईल. लोक मला हसतील. हसू देत." मग तिने चिकटपट्टी दातांनी तोडली. "मी लपवलं गं. त्या बिचाऱ्याचा हात भाजला तो माझ्यामुळे. माझ्या हातावर यायला हवं होतं ते पाणी."

तिच्या शेजारी बसून मी रडले. तिने केलं ते बरोबर होतं असं मला आजही म्हणता येत नाही. चूक होतं असं म्हणायला तोंड उघडलं तरी तिची थिनरने पांढरी पडलेली बोटं डोळ्यांपुढे येतात, आणि मग तेही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक आला. गाडीचा सांगाडा साखळीने वर चढवला, मागोमाग गंजलेलं इंजिन, डबे, परातीतले बोल्ट. आवाज ऐकून बाबा बाहेर आले आणि शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. आई त्यांच्याजवळ गेली. पदर खोचून, मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "अहो, मी धुतलं म्हणून राहिली हो तुमची गाडी. मीच नासवली."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी ओरडावं म्हणून ती वाट बघत होती, हे मला लांबूनही कळत होतं.

"असू दे, बाई," बाबा अगदी आदराने म्हणाले. "कोणाची होती?"

"तुमचीच."

"अरे वा," ते म्हणाले, आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत कौतुकाने बघत राहिले. आईवर ते पुन्हा कधीच चिडले नाहीत.