अमोलचा रूल फायर झाला

वाकडच्या एका ऑफिसात मी चहा देतो. भरलेले कप आत नेतो आणि रिकाम्या कपांबरोबर किस्से बाहेर आणतो. कप धुऊन होतात, किस्से तसेच साठत राहतात.

आमचा अमोल लातूरचा पोरगा, प्रोबेशनवर. तो मशीनला माहिती देतो, नियम देतो. त्यावरून पुढचं मशीननं स्वतः ताडायचं. नियम लागू झाला की म्हणायचं, 'रूल फायर झाला'. चाकणच्या कारखान्याला हे पसंत पडलं तर अमोल पर्मनंट, न्हाईतर परत लातूर.

*

पहिला नियम आमच्यावरच करून बघितला. जो जेवला नाही त्याचं नाव दाखव. दुपार टळली, अमोल उपाशी, अन् स्क्रीन कोरी!

"काका, मी जेवलो नाही हे तिला कुणी सांगितलंच नाही. न सांगितलेलं ती धरत नाही."

म्हटलं, "गुणाची हाय राव. आमच्या मोशीत न सांगितलेलंच आधी धरत्यात."

*

दुसरा नियम, प्रत्येक कामगाराला एक साहेब असतो. त्याखाली लिहिलं, साहेब हाही कामगारच. रूल फायर झाला तो थांबेचना. साहेबाला साहेब, त्यालाही साहेब. आतला पंखा घरघरला आणि मशीन जागीच बसली.

मी विचारलं, "एवढ्या साहेबांत काम कोण करतंय?"

अमोल म्हणाला, "तेच शोधतोय."

*

मग चाकणच्या पाहुण्या बाई आल्या. आमच्या साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, हे सगळं मी बनवलं. अमोल मागं उभा. त्यानं मशीन चालू केली. स्क्रीनवर आलं, 'साहेब प्रोबेशनवर आहेत. त्यांची सही चालणार नाही.'

बाई म्हणाल्या, असं का म्हणते ते तिलाच विचारा. अमोलनं बटण दाबलं. मशीननं सरळ वाचून दाखवावं तसं मांडलं: एका कामाचा बनवणारा एकच असतो. बनवणारा अमोल, ही माहिती अमोलनं भरली. बनवणारे साहेब, ही माहिती काल साहेबांनी भरली. म्हणून अमोल आणि साहेब एकच माणूस. अमोल प्रोबेशनवर, म्हणून साहेबही प्रोबेशनवर, आणि प्रोबेशनवरच्या माणसाची सही चालत नाही.

साहेब हळूच म्हणाले, "अमोल, हा रूल बिघडलाय. काढून टाक."

"रूल ठीक आहे, साहेब. एक नाव जास्त झालंय. कुठलं काढू?"

बाई साहेबांकडे बघत राहिल्या. साहेब माझ्याकडे वळले.

"काका, जरा चहा आणा."

चहा त्यांच्या हातातच होता.