साकाला बाबांनी घरी उघडलेला पंप

आमच्या गिरणीचं इंजिन दोन सिलिंडरचं. त्याच्या डिझेल पंपाला तीस वर्षांत झेब्रॉन साकाला सोडून कुणाचा हात लागलेला नाही. सगळे त्यांना बाबा म्हणतात; सत्तरीचे आहेत. पाना उचलण्याआधी ते इंजिनावर हात ठेवून जरा थांबतात, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे.

गिरणी आम्हा बायकांच्या गटाची आणि मी त्या गटाची अध्यक्ष. बाबांबद्दल मला आदर होता, पण धीर संपला होता. पंधरवड्यात दोनदा गिरणी बंद पडली होती. गिरणी बंद म्हणजे घरोघर उखळात मका कांडायचा. त्यांनी पंप घरी नेला तेव्हा मी सरळ सांगितलं, "बाबा, या वेळी चालला तर ठीक. नाहीतर पुढची कामं चिपाटा शहरातल्या मेकॅनिककडे." माझ्या जिभेला हाड नाही. बाबांना दुसरं काम येत नाही आणि दुसरं नकोही आहे, हे मला माहीत होतं, तरी बोलले.

शनिवारी त्यांनी पंप आणून बसवला. मक्याच्या बादल्या घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. त्यात बाबांची बायको तिसाउकेही होती.

बाबांनी हँडल मारलं. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

"हवा धरली असेल," बाबा म्हणाले. त्यांनी स्क्रू सैल केला, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत हवा काढली. पुन्हा हँडल मारलं, काही नाही. फिल्टर बदलला. चाकावरच्या खुणा जुळवून पाहिल्या, त्या बरोबर होत्या. मग नोजलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल केले. एकीतून डिझेल नुसतं पाझरत होतं, दुसरीतून थेंब नाही.

"बाबा, वय झालं आता," मी म्हणाले.

"झालं," ते म्हणाले आणि पंप पुन्हा खाली उतरवला.

तिथंच गोणपाटावर त्यांनी तो उघडला. आत दोन प्लंजर, म्हणजे दट्टे, आणि ते ज्यांत सरकतात ती दोन नळकांडी, म्हणजे बॅरल. एक प्लंजर अडकत सरकत होता, दुसरा सुळकन खाली पडत होता. बाबांनी त्यांची अदलाबदल केली. आता दोन्ही लोण्यासारखे चालले. बॅरलचं तोंड अंगठ्यानं दाबून प्लंजर ओढला आणि सोडला, तर तो आपोआप मागं गेला. ज्याचा प्लंजर त्याच्याच बॅरलमध्ये चालतो, दुसऱ्याच्यात नाही. एवढं मलाही समजलं.

बाबांनी मान वर करून रांगेकडे पाहिलं. तिसाउकेनं मान खाली घातली.

"माझी चूक," बाबा मला म्हणाले. "दिसत नाही नीट. जोड्या बदलल्या माझ्याकडून. बोलव त्या मेकॅनिकला."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तिसाउके बादली ठेवून रांगेतून बाहेर आली.

"खोटं बोलतायत हे," ती म्हणाली. "मंगळवारी हे रॉकेल आणायला गेले होते. चटईवर सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं. आणि मयताचा निरोप घेऊन माणूस आला. आमच्या घरात चटई एकच. त्याला काय उभा ठेवू? सगळं सुपात भरलं, त्याला बसवलं, गेल्यावर पुन्हा तसंच मांडलं."

"मग सांगायचं नाही का, बाई?" मी विचारलं.

"सांगणारच होते. पण हे आले, चटईकडे बघितलं आणि म्हणाले, 'बघ, किती नीट मांडलंय. हात अजून शाबूत आहे माझा.' मग कशी सांगू?"

कुणी हसलं नाही. निरोप्या माझ्या दारात आला असता, तर मीही तेच केलं असतं. तेही घाईत, अर्धा पंप कोंबड्यांच्या खुराड्यात टाकून. मला माझीच लाज वाटली.

"पंप बसवा, बाबा," मी म्हणाले. "कुणाला बोलवायचं नाही."

दुसऱ्यांदा हँडल मारताच इंजिन सुरू झालं. पहिली बादली मी तिसाउकेची घेतली. बाबा तिचा मका ओतायला वाकले, आणि मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं.

"बेचाळीस वर्षांत तुझ्यासाठी एकदाच खोटं बोललो. तेवढं तरी टिकू द्यायचं होतंस."

"नाही जमत ते तुम्हाला," तिसाउके म्हणाली. "तुम्ही आपले पंपच करा."