नऊ पानांची सुकेळी

"मॅडम, सगळं ठीक आहे, पण उत्तर काय?"

माझ्या एमबीएच्या वर्गात प्रत्येक केसनंतर हा प्रश्न येतोच. केस म्हणजे एखाद्या धंद्यातला खरा पेच लिहून काढलेला. मालकाच्या जागी बसा, भांडा, निर्णय घ्या. मॉडेल अ‍ॅन्सर नसतं. पोरांना हे अजिबात पटत नाही. फीडबॅकमध्ये एकानं चक्क लिहिलं होतं, "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात."

म्हटलं, थांबा, दाखवतेच. उमेळे गावातल्या एका बागायतदार काकांवर मी नऊ पानी केस लिहिली. नावं बदलली. काका सुकेळी करतात, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. पाऊस नुकताच संपला होता. यंदा ड्रायर घ्यायचा, माणसं लावायची, की बंदच करायचं? काका महिनाभर यातच अडकले होते. त्यांना म्हटलं, वर्गात मागे बसा, शेवटी ओळख करून देते.

पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. पोरांना वाटलं, युनिव्हर्सिटीकडून कोणी तपासणीला आलंय. झालं! एरवी तोंड न उघडणारेसुद्धा इंग्रजी झाडायला लागले.

एव्हरशाईनच्या टॉवरमध्ये राहणारा रोहन उठला. "जुलैमध्ये कॉम्पिटिशन शून्य आहे. प्रॉडक्शन तेव्हा वाढवावं."

मागे काका जोरात खोकले.

"आणि केळी उलटायला एक सिनियर फॅमिली मेंबर रोज सहा तास लावतेय. लो प्रॉडक्टिव्हिटी. तिला काढून टाकावं."

काकांचा धीर सुटला. "अरे बाबा, ती माझी बायको आहे! घरी येऊन तूच सांगतोस का तिला?"

रोहनचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी ओळख करून दिली, तेव्हा वर्ग इतका हसला की शेजारचे सर डोकावून गेले.

काका मात्र हसेनात. "मला रविवारी ड्रायरवाल्याला हो की नाही ते सांगायचंय. उत्तर काय?"

मी पोरांना सांगते तेच त्यांना सांगितलं, मॉडेल अ‍ॅन्सर नसतं.

"मग दोन तास केलंत काय?" काका वैतागले. पोरांनी आनंदानं बाकं बडवली. माझी पुरती शोभा झाली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्नेहलनं वर्षभरात पहिल्यांदा हात वर केला. "काका, काकूंना काय करायचंय?"

"तिला काय विचारायचं?" काका म्हणाले, म्हणजे विचारलं नव्हतंच. मी तीनदा त्यांच्या वाडीत गेले होते, काकूंच्या हातचा चहा प्यायले होते. मीही विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. "विचारलं बरं का. म्हणाली, माझी कंबर गेलीय, आता मी वाळवणार नाही. पण बंदही करायचं नाही. मी बसून सांगते, उन्हात तुम्ही उभे राहा."

"आणि ड्रायर?"

"कसला ड्रायर! टोपी घालून मीच उलटतोय. ठेवतो आता, ती बघतेय."

केस मी परत लिहिली. आता पहिल्या पानावर काम करणारं माणूस आहे. मालक दुसऱ्या पानावर येतो.