नाखवाचा फोन वाजत नसे

आमच्या ऑफिसात जेवणाची वेळ घड्याळ नाही, नाखवा ठरवायची. सकाळी लिहिलेलं काम गिऱ्हाइकांच्या हाती पडेपर्यंत ती डबा उघडत नसे. "जेवणाआधी सोडा," ती म्हणायची, "बिघडलं तर दुरुस्तीला दुपार हाय ना."

ती उरणजवळच्या करंजा बंदराची. वडील होडीवर नाखवा, म्हणजे होडीचे कप्तान, म्हणून आम्ही तिलाही नाखवाच म्हणायचो. पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ, मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती, मी आणि आमचे सर, एवढीच कंपनी. कोकणात जाणाऱ्या खासगी बसवाल्यांसाठी आम्ही तिकिटांचं सॉफ्टवेअर करत होतो. मी तिच्या आधीपासून तिथे होतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सीट निवडायच्या पानाचा आराखडा मी घोटत बसलो होतो, तोवर तिने अर्धंकच्चं पान बसवाल्यांना देऊनही टाकलं. त्यांनी चुका सांगितल्या, तिने त्या सुधारल्या, आणि बसवाले तिच्यावरच खूष! तिचं सगळं क्लाऊडवर, भाड्याच्या सर्व्हरवर. गणपतीत गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढत, नंतर कमी होत. "मोसमात खलाशी जास्त घेतात, मोसम सरला की ते आपापल्या घरी. त्यात काय मोठं?" हे 'त्यात काय मोठं' मला फार झोंबायचं. रद्द तिकिटांचे पैसे परत करायचा भाग माझा. तो माझ्या टेबलाखालच्या मशीनवर चाले आणि त्या मशीनला मी कुणाला हात लावू देत नसे.

एका वर्षी ऐन गणपतीत तिने रजा मागितली. सर म्हणाले, "अगं, एवढ्या गर्दीत?"

"सर, बाप्पा गर्दी बघून येतो काय? आमी घरी नाय जायाचं?"

गेली, तीही फोन बंद करून. तिचं काम कोसळावं म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. कोसळलं ते माझं मशीन. आपटा या माझ्या गावी घरच्या आरतीत माझा फोन वाजला आणि मी प्रसाद न घेताच पनवेल गाठलं. तेव्हाही मला अभिमानच वाटला. बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही!

पुढे सरांनी पुण्याला मोठं ऑफिस काढलं. तिथला प्रमुख मीच, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. सरांनी नाखवाला पाठवलं. मी विचारलं तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, ती गेली तरी तिचं सगळं चालू राहतं. तुला कसा सोडू? तू गेलास तर इथलं बंदच पडेल." माझं सांत्वन करत होते बिचारे.

निघताना नाखवाने मला सुक्या बोंबलांची पिशवी दिली. "दादा, तुमचं काम कोणाला तरी शिकवून ठेवा. मग तुमी पण या." मी हसून मान हलवली. रात्री बोंबील भाजले, चांगले होते, त्याचाही राग आला.

अजून मी पनवेललाच आहे आणि माझा फोन अजून सणासुदीला वाजतो. तिचं इथलं काम अडावं, तिला फोन करावा, जमलंच तर थोडं सुनावावं, म्हणून मी कितीतरी दिवस निमित्त शोधत होतो. आता सुनावायचंही नाही, नुसतं कशी आहेस विचारायचं आहे. पण त्यालाही काहीतरी अडायला हवं ना! तेवढंसुद्धा तिने मागे ठेवलं नाही.