बोराटीची फांदी

नऊ एप्रिल. अंगणात तुरीची डाळ पाखडत होते, तेव्हा घाटाखालच्या गावाहून निरोप आला. मथुरावन्सं गेल्या, माती उद्या सकाळी आठला. डाळ अर्धी राहिली होती, ती आधी पुरी केली. त्याला आता महिना झाला.

वन्सं माझ्या थोरल्या नणंद. नवऱ्यामागं माहेरीच राहिल्या, शेवटची काही वर्षं तेवढी खाली लेकीकडे. मी नवी नवरी असताना बहात्तरचा दुष्काळ पडला आणि येडशीच्या बाजूच्या आमच्या छोट्या घाटाचं काम निघालं. आम्ही दोघी शेजारी बसून खडी फोडायचो. मुकादम दुपारी झोपला की वन्सं त्याच्या सायकलवर बसायला शिकत. पुढं रस्त्यावर डांबर पडलं, गावात बायकांची दूध सोसायटी निघाली. दुधाचा टेम्पो घाट चढत नसे. आमचे कॅन सकाळच्या एसटीनं पायथ्याशी जात. एका वैशाखात एसटी लागोपाठ दोन दिवस उशिरा आली आणि दूध नासलं. टेम्पोवाला म्हणाला, उद्याही असंच झालं तर तुमचं गाव बंद. तिसऱ्या दिवशी एसटी आलीच नाही...

वन्संनी भावाची सायकल काढून दोन्ही बाजूंना कॅन बांधले. "वन्सं, तिचा बिरेक लागत न्हाय," मी म्हटलं.

"म्हून तर मागं बोराटीची फांदी बांध. उताराला बैलगाडीमागं ओंडका बांधत्यात तसं. गाठ नीट मार, न्हायतर भावाला दुसरी सायकल घ्यावी लागंल."

"आन तुमाला काय झालं तर?"

"मला कोण बदलून देतंय."

"चिंचेच्या वळणाला कसं करताव?"

"तिथं उतरून चालणार. मुकादम झोपला व्हता तवा आपुनच तिथं मोठाली खडी टाकली, इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते. साऱ्या घाटात डांबर तिथंच उखडत होतं.

फांदी खरखरत गेली. मी पाऊलवाटेनं पळत खाली पोचले, तर वन्सं दगडावर बसलेल्या आणि टेम्पोचा पत्ता नाही. 

"दूध?"

"गेलं की त्याच्यासंगं. दोन्ही कॅन हुंगून बघितलं मेल्यानं. जसं काय आमी अत्तर पाठवलंय."

त्यानंतर एसटी चुकली की त्याच दूध नेत. फांदी बांधणं माझ्याकडे. स्वभाव गोड नव्हता. गाठ सैल दिसली की चारचौघींदेखत सोडून पुन्हा बांधायला लावत. मलाही सायकल त्यांनीच शिकवली, ती अशीच, ओरडून.

आता पहिली एसटी दहाला येते आणि माती आठला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली. ब्रेक चांगले आहेत, पण फांदीशिवाय तो घाट मी कधी उतरलेले नाही. बांधावरची बोराटी तोडली, मागं बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. चिंचेपाशी उतरले. तिथला रस्ता कधीचाच दुरुस्त झालाय... तरी वळण संपेपर्यंत चालत गेले, मग पुन्हा बसले. मातीला वेळेत पोचले.