तीन पानांचा मांडव

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की तात्या आधी आढ्याकडे बघायचे, मग चारी भिंतींकडे आणि सगळ्यांत शेवटी घरधन्याकडे. तोवर त्यांचा हिशेब झालेला असायचा. "साठ पानं," ते म्हणायचे. म्हणजे या जागेत साठ माणसांची पंगत बसेल. आमच्या सांगलीच्या घराची पुढची खोली पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "बारा. तीबी रोड असली तर."

तात्या आष्ट्याचे मांडववाले. माझ्या लग्नाचा मांडव त्यांचाच. मंत्री येवोत, कुस्त्यांचं मैदान भरो, कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होवो, कमान तात्यांची. लाल मखमल, सोनेरी झालर आणि दोन्ही बाजूंना पेंढा भरलेले हत्ती. या थाटाची मी यथेच्छ टिंगल करायचो. "तात्या, भाषण अर्ध्या तासाचं आणि कमान तीन दिवसांची."

"मास्तर, भाषण पडलं तर कोन मरत न्हाई. कमान पडली तर मरतंय."

चौऱ्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. माझी मुलगी नंदा तेव्हा चौदा वर्षांची. शाळेच्या खेळाच्या बाई मुलींना घेऊन साताऱ्याकडे, वैराटगडाच्या पायथ्याशी दोन दिवस मुक्कामाला जाणार होत्या. तीन मुलींत एक तंबू, तो मुलींनीच आणायचा आणि मुलींनीच वाहायचा. नंदानं दोन मैत्रिणींच्या वतीनं तंबूची जबाबदारी परस्पर घेऊन टाकली होती. तिच्या आईनं एकच अट घातली, "तंबू वाऱ्यात टिकणारा असेल तर जा. नाहीतर घरी बस." पुण्याच्या एका दुकानाकडून मी पत्रानं किंमत मागवली. उत्तर आलं ते एका जाड ग्रंथात घालून ठेवलं आणि तो ग्रंथ पुढं बरेच दिवस उघडला नाही.

रविवारी आम्ही दोघं आष्ट्याला गेलो.

"किती पानं?" तात्यांनी विचारलं.

"तीन," नंदा म्हणाली.

आयत्या वेळी मंत्र्यांचा दौरा रद्द झाल्यासारखा तात्यांचा चेहरा झाला. "तीन पानाला मांडव? बाय माझे, तीन पानाला पत्रावळच डोक्यावर धर की."

तरी ते गोदामात गेले आणि एक जुनी राहुटी घेऊन आले. कुणा साहेबाच्या शिकारीसाठी शिवलेली. शिकारीआधीच साहेबाची बदली झाली होती. तिला दोन खिडक्या होत्या, खिडक्यांना पडदे होते आणि पुढं चक्क झालर. "परवडंल ते द्या आन् न्या," तात्या म्हणाले. मला ती तत्क्षणी आवडली. बाकीच्या मुलींचे पालक तिच्याकडे वळून वळून बघताहेत, हेही मला दिसायला लागलं.

तात्या नंदाला म्हणाले, "उचल."

तिनं गाठोडं खांद्यावर घेतलं. चार पावलं चालली. पाचव्याला गाठोड्यासकट खाली बसली.

"झालं," तात्या म्हणाले. "मास्तर, तुमाला कमान पायजे. हिला छप्पर पायजे."

मग त्यांनी नंदाला फरशीवर आडवं केलं. एका मैत्रिणीच्या जागी मला आणि दुसरीच्या जागी दोरखंडांचं पोतं. तिघांभोवती खडूची रेघ ओढली. मांडवाच्या बाजूला लावायची एक जुनी हिरवी कनात त्या मापानं बेतली, शिवून घेतली, वरून मेण चोळलं. वेळूच्या दोन काठ्या. झालर नाही. आठ दिवसांनी तयार झालेला तो तंबू नंदानं काखेत मारला आणि गोदामाला फेरी घालून आली. तात्यांनी घेतले ते पैसे मेण, मजुरी आणि बहुधा चहाचे असावेत.

"आता लाव," म्हणून ते चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले. नंदानं तंबू उभा केला. छान दिसत होता. तात्यांनी कप खाली ठेवला. "आता मी वारा," असं म्हणून त्या साठीच्या माणसानं पुढची काठी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. तंबू बसला.

"आय घरीच ठेवतीया बघ तुला."

दुसऱ्यांदाही बसला. नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तात्या तिच्या शेजारी उकिडवे बसले. "मेख सरळ मारतीस व्हय? रस्सी वडताना गडी मागं रेलतोय का न्हाई? तशी मागं रेलवून मार."

तिसऱ्या वेळी तात्यांनी काठी हलवली, दोऱ्या ओढल्या, सगळीकडून खांदे लावले. तंबू उभाच. धापा टाकत ते खुर्चीत बसले. "जा. तुझ्या आयला सांग, वारा दमला."

वैराटगडाखाली दुसऱ्या दिवशी खरा वारा आला. परतल्यावर नंदा माझ्याआधी तात्यांना भेटायला उतावीळ. "आवं तात्या, बाईंचा तंबू उडाला. चार पानं बसली आपल्यात." पुढं कितीतरी लग्नांत तात्यांनी ही हकिकत सांगितली. मी शेवटची ऐकली तेव्हा त्या तंबूत अकरा पानं बसली होती.

दशक सरता सरता तात्या गेले. शोकसभेला त्यांच्या मुलांनी भव्य मांडव घातला, हत्तींसकट. वक्ते एकामागून एक उठत होते. तात्या म्हणजे समाजाचा आधारस्तंभ, असं एक पुढारी सांगत असताना वारा सुटला आणि कोपऱ्यातला खरा खांब करकरला. माझ्या शेजारून नंदा उठली. कॉलेजात होती तेव्हा. खांब दोन्ही हातांनी धरून तिनं गदागदा हलवला. पुढारी थबकले. तिनं वाकून मेख बघितली. सरळ मारलेली. ती उपटून, धोंडा शोधून, ती मागं रेलवून ठोकू लागली.

तात्यांच्या थोरल्या मुलाच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. खुर्ची सोडून तो हातोडा घेऊन पलीकडच्या मेखांच्या रांगेला गेला. इकडून ठक, तिकडून ठक. मध्ये भाषण. त्यातलं नंतर कुणालाच काही सांगता आलं नाही. पण त्यानं कोणी मेलं नाही.